रोमन साम्राज्य आणि मरणाच्या सांथी
(महोत्सवाच्या व्याख्यानमालेंतील एक व्याख्यान)



महोत्सवाच्या या व्याख्यानमालेंत आमच्या वांट्यास इतिहासाचा विषय आला आहे. महोत्सव म्हणजे आनंदाचा प्रसंग; अशा वेळीं रोगराई आणि मरण यांविषयीं बोलावयास उभें राहणें कोणास औचित्यास सोडून वाटण्याचा संभव आहे. परंतु धर्मग्रामाच्या दप्तरांत बाप्तिस्म्याची वही असते तशीच मृतांचीही वही असते, आणि गत वर्षांचा हिशेब या दोन्ही वह्या उघडल्यावांचून पुरा होत नाहीं. साम्राज्यांचेंही असेंच आहे. त्यांच्या विजयांच्या कमानी आपण पाहतों; त्यांच्या मृतांच्या वह्या मात्र क्वचितच चाळतों. आज आम्ही जगांतील एका अति बलाढ्य साम्राज्याची ती दुसरी वही आपणांपुढें उघडणार आहों.

रोमचें साम्राज्य कां लयास गेलें, हा प्रश्न फार जुना आहे. गिबन या इंग्रज इतिहासकारानें सन १७७६ ते १७८८ या काळांत आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. सैन्याची बेशिस्त, साम्राज्याचा अवाढव्य विस्तार, रानटी टोळ्यांचे हल्ले आणि ख्रिस्ती धर्माचा प्रसार अशीं कारणें त्यानें पुढें मांडलीं. दुसऱ्या कोणी ऐषआरामास दोष दिला, तर कोणी गुलामगिरीस. सन १९५५ मध्यें बोक या अमेरिकन प्राध्यापकानें एक निराळेंच कारण मांडलें: साम्राज्यास माणसें पुरेनाशीं झालीं. सन २०१७ मध्यें हार्पर या दुसऱ्या अमेरिकन विद्वानानें रोग आणि हवामान यांकडे जगाचें लक्ष वेधलें. आणि सन २०२० सालीं करोनाच्या सांथीचा अनुभव घेतल्यावर, रोग म्हणजे राज्यकारभाराच्या बाहेरची क्षुल्लक बाब आहे, असें म्हणावयास आपणांपैकीं कोणीही धजणार नाहीं.

आमचें म्हणणें आरंभींच थोडक्यांत सांगतों. सांथींनीं माणसें नेलीं आणि साम्राज्य दुबळें झालें, हें खरें आहे. पण एवढ्यानें सगळा उलगडा होत नाहीं. मेलेल्यांच्या वांट्याचें ओझें उरलेल्यांच्या माथीं ठेवण्याची जी रीत राजसत्तेनें पाडली, तिनें साम्राज्यास मरणाहूनही अधिक पोखरलें. याच काळांत कांहीं लोकांनीं दुसरी रीत पाडली: उरलेल्यांनीं आजाऱ्यांस उचलून धरण्याची. या दोन रीतींची ही कथा आहे.

हें साम्राज्य आपल्या किनाऱ्यास अगदींच परकें नव्हतें. पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्यानें समुद्रमार्गाचें जें वर्णन लिहिलें, त्यांत भडोच, सोपारा आणि कल्याण या बंदरांचीं नांवें आलीं आहेत. येथील कापड व इतर जिन्नस इजिप्तच्या किनाऱ्यास लागत आणि पुढें नाईल नदीनें अलेक्झांड्रियास पोंचत. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें ‘कल्लियाना’ येथें इराणांतून नेमून आलेला बिशप असल्याचें लिहून ठेविलें आहे. हें ठिकाण म्हणजे आपलें कल्याण, असें सामान्यतः मानण्यांत येतें. ज्या जस्टिनियन बादशहाच्या काळची सांथ पुढें वर्णावयाची आहे, त्याच बादशहाच्या काळांतला हा उल्लेख होय.

प्रथम हें पाहूं कीं, साम्राज्य कशावर उभें होतें. इ. स. १६० च्या सुमारास ब्रिटनपासून युफ्रेटिस नदीपर्यंत सहा ते साडेसात कोटि माणसें रोमच्या छत्राखालीं राहत असावीं, असा विद्वानांचा अंदाज आहे. एकट्या रोम शहरांत सुमारें दहा लक्ष वस्ती होती. सरहद्दीवर साडेतीन ते चार लक्ष शिपाई उभे असत. यंत्रें नव्हतीं, कोळशावर चालणारे कारखाने नव्हते. शिपायाची भाकर, बादशहाचा खजिना, राजधानीचें धान्य हें सारें शेत कसणाऱ्या हातांतून निघत असे. त्या काळीं जन्मास येणाऱ्या मुलाचें सरासरी आयुर्मान वीस ते तीस वर्षांचें होतें, आणि एका मातेस पांच-सहा मुलें व्हावीं तेव्हां कोठें लोकसंख्या आहे तेवढी राहत असे. ज्या घराची मिळकत आणि खर्च यांची तोंडमिळवणी जेमतेम होते, त्या घरीं एखादें मोठें आजारपण आलें म्हणजे काय होतें हें आपणांस सांगावयास नको. साम्राज्याच्या घराची स्थिति तशीच होती.

तें आजारपण इ. स. १६५ सालीं आलें. मार्कस ऑरेलियस हा विचारी आणि कर्तव्यनिष्ठ पुरुष त्या वेळीं गादीवर होता आणि त्याचा सहबादशहा ल्यूसियस वेरस याचें सैन्य पूर्वेस पार्थियन लोकांशीं लढत होतें. टायग्रिस नदीवरील सेल्युशिया शहर लुटून शिपाई परतले, ते लुटीबरोबर रोगही घेऊन आले. देवळांतील सोन्याची पेटी एका शिपायानें फोडली आणि तींतून विषारी वाफ सुटली, अशी दंतकथा लोकांनीं रचिली. सन १६६ मध्यें रोग रोमांत पोंचला. गॅलेन या विख्यात वैद्यानें त्याचीं लक्षणें लिहून ठेविलीं आहेत: ताप, घशांत व्रण, जुलाब आणि अंगभर काळसर पुरळ. यावरून ही देवीची सांथ असावी असा बहुतेकांचा तर्क आहे. स्वतः गॅलेन त्याच सालीं रोम सोडून आपल्या गांवीं पर्गामम येथें गेला. पुढें बादशहानें त्यास लष्कराच्या तळावर बोलावून घेतलें. सन १६९ च्या आरंभीं ल्यूसियस वेरस प्रवासांतच वारला. पुढें वीस वर्षांनीं, सन १८९ च्या सुमारास, रोग पुन्हां उसळला, तेव्हां रोम शहरांत कित्येकदां एका दिवसांत दोन हजार माणसें मरत, असें तत्कालीन इतिहासकार कॅसियस डायो सांगतो.

शहरांतील आंकडे मोठे असतात आणि मोठ्या आंकड्यांत माणसें हरवून जातात. म्हणून आम्ही आपणांस एका लहान गांवीं घेऊन जातों. इजिप्तच्या फायूम प्रांतांत सोक्नोपायू नेसोस नांवाचें वाळवंटाच्या कडेचें गांव होतें. तेथील करवसुलीचे कागद कोरड्या हवेमुळें टिकून राहिले आहेत. इ. स. १७८ च्या अखेरीस त्या गांवांत कर देणारे २४४ पुरुष होते. १७९ च्या जानेवारींत त्यांतील ५९ मेले. फेब्रुवारींत आणखी १९ मेले. दोन महिन्यांत ७८ पुरुष, म्हणजे दर तिघांमागें जवळजवळ एक. स्त्रिया आणि मुलें यांची गणती त्यांत नाहीं, कारण कारकुनास कर देणाऱ्यांशींच कर्तव्य होतें. तरी या रूक्ष यादीइतका करुण लेख आम्ही क्वचितच पाहिला आहे.

नाईलच्या मुखाशीं थ्म्यूइस येथें सांपडलेल्या अर्धवट जळक्या कागदांत तर सगळी कथाच आहे. इ. स. १७० च्या सुमारास त्या टापूंतील खेडींच्या खेडीं ओस पडत चाललीं होतीं, आणि त्याचीं कारणें कारकुनानें तीन दिलीं आहेत: कोणी सांथीनें मेले, कोणी बंडखोरांच्या हल्ल्यांत मेले, आणि कोणी कराच्या धास्तीनें परागंदा झाले. या तिसऱ्या कारणाकडे आपण लक्ष द्यावें. रोगांतून वांचलेला मनुष्य सरकारच्या भीतीनें गांव सोडतो! मेलेला शेतकरी गेला तो गेलाच. पण त्याचा शेजारी जिवंत असूनही गांवास मुकला.

याच काळाची एक साक्ष फार दूरच्या ठिकाणीं सांपडली आहे. स्पेनमधील खाणींतून रुपें गाळतांना शिशाचा धूर हवेंत जाई आणि वाऱ्याबरोबर ग्रीनलंडच्या बर्फावर जाऊन बसे. वर्षावर वर्ष बर्फाचे थर सांचत गेले. सन २०१८ मध्यें शास्त्रज्ञांनीं ते थर तपासून दाखविलें कीं, या सांथीच्या काळांत तें शिसें एकदम कमी झालें आणि नंतर पांचशें वर्षांहून अधिक काळ पूर्वपदास आलें नाहीं. खाणी बंद पडल्या म्हणजे नाणीं हिणकस होतात. मार्कसच्या वेळीं रुप्याच्या नाण्यांत शंभरांतील सुमारें ऐंशीं भाग रुपें होतें; शंभर वर्षांनीं, इ. स. २७० च्या सुमारास, पांच भागही उरलें नव्हतें.

मार्कस ऑरेलियसविषयीं येथें न्यायानें बोललें पाहिजे. माणसें कमी पडलीं तेव्हां त्यानें गुलाम, तलवारबाज आणि डोंगरांतले लुटारू यांनाही सैन्यांत घेतलें. पैसा कमी पडला तेव्हां रयतेवर नवी पट्टी बसवूं नये म्हणून त्यानें राजवाड्यांतील सोन्याचीं भांडीं, रत्नें आणि बादशाही वस्त्रेंप्रावरणें चौकांत मांडून दोन महिनेपर्यंत त्यांचा लिलाव केला, असें त्याच्या चरित्रांत सांगितलें आहे. सन १९३ मध्यें पर्टिनॅक्स या बादशहानें आणखी एक शहाणपणाचें फर्मान काढलें: पडीत जमीन, मग ती खुद्द बादशहाची कां असेना, जो कसावयास घेईल त्याची ती व्हावी आणि त्यास दहा वर्षें सारा माफ असावा. उरलेल्या माणसांस हुरूप देण्याचा हा खरा उपाय होता. पण पर्टिनॅक्सची कारकीर्द अवघी ८७ दिवसांची ठरली. त्याच्याच पहाऱ्यावरील शिपायांनीं त्यास ठार मारलें. शहाणा उपाय सुचणें निराळें आणि तो टिकणें निराळें.

दुसरी मोठी सांथ इ. स. २४९ च्या सुमारास सुरू झाली आणि मधूनमधून सुमारें वीस वर्षें राहिली. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनीं तिचें वर्णन केलें, म्हणून ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनीं तिच्याविषयीं एक अशी गोष्ट नमूद केली आहे कीं, तिच्यापुढें कोणतेंही अलंकारिक वर्णन फिकें पडावें. त्या शहरांत सरकारी धान्य मिळणाऱ्यांची यादी असे. पूर्वीं चाळीस ते सत्तर वर्षांच्या माणसांची जी संख्या त्या यादींत होती, तितकी संख्या आतां चौदापासून ऐंशीं वर्षांपर्यंतच्या सर्वांची मिळूनही भरेना. शहरांत दंगेधोपेही झाले होते, हें लक्षांत घेतलें तरी ही घट भयंकर आहे. त्याच वीस वर्षांत गॉथ लोक डॅन्यूब ओलांडून आले, सन २६० मध्यें व्हॅलेरियन बादशहा इराणच्या शापूर राजाच्या हातीं जिवंत सांपडला, आणि सन २७० मध्यें क्लॉडियस बादशहा सांथीनेंच मरण पावला.

साम्राज्य मात्र पडलें नाहीं. डायोक्लीशन आणि कॉन्स्टंटाइन यांनीं तें पुन्हां उभें केलें. पण कशाच्या बळावर उभें केलें, हें पाहिलें म्हणजे मन उदास होतें. सैन्य वाढविलें, कारकून वाढविले आणि त्यांच्या खर्चासाठीं जमीन व माणसें यांची नव्यानें मोजदाद करून कर बसविला. एखाद्या गांवचें शेत ओस पडलें तर त्याचा सारा शेजाऱ्यांवर चढविण्याची पद्धति रूढ झाली. मग साऱ्याच्या भयानें कुळें पळूं लागलीं. आणि कुळें पळूं लागलीं म्हणून सन ३३२ मध्यें कॉन्स्टंटाइननें कायदा केला कीं, पळालेलें कूळ जेथें सांपडेल तेथून मूळ जमिनीवर परत पाठवावें आणि जो पळण्याच्या बेतांत असेल त्यास बेड्या घालाव्या. शिपायाच्या मुलानें शिपाईच व्हावें, भटारखान्यावाल्याच्या मुलानें भटारखानाच चालवावा, असेही निर्बंध झाले. लष्करांतून सुटण्यासाठीं तरुण आपले अंगठे तोडून घेत, आणि तसें करणाऱ्यांस शासन करणारे कायदे चवथ्या शतकांत एकामागून एक निघाले. जो राजा आपल्या प्रजेस बेडी घालून शेतावर ठेवतो, त्याच्या राज्यांत माणसांची किंमत वाढलेली असते, पण मान वाढलेला नसतो!

सन ३७६ मध्यें हूणांच्या भयानें गॉथ लोकांनीं डॅन्यूबच्या कांठीं आश्रय मागितला, तेव्हां बादशहा व्हॅलेन्स याच्या दरबारीं आनंदच झाला; सैन्यास आयतीं माणसें मिळाली आणि प्रांतांकडून शिपायांऐवजीं पैसा घेतां येईल, असा हिशेब झाला. पण त्या भुकेल्या निर्वासितांस अधिकाऱ्यांनीं नागविलें, ते चिडून उठले, आणि दोनच वर्षांनीं सन ३७८ मध्यें एड्रियानोपलच्या रणांत खुद्द व्हॅलेन्स मारला गेला. सन ४१० मध्यें रोम लुटलें गेलें आणि सन ४७६ मध्यें पश्चिमेकडील बादशाही संपली.

पूर्वेकडील अर्धें साम्राज्य अजून सधन होतें. तिसरी सांथ त्यावर आली. सन ५४१ मध्यें इजिप्तच्या पेल्युशियम बंदरांत ती प्रथम दिसली आणि ५४२ च्या वसंतांत कॉन्स्टँटिनोपल राजधानींत शिरली. जांघेंत व काखेंत गांठी, भडकलेला ताप आणि बहुधा थोड्याच दिवसांत मृत्यु. हा गांठीचा प्लेग होय. यांत आतां शंका नाहीं, कारण जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत सांपडलेल्या त्या काळच्या मृतांच्या दांतांतून प्लेगच्याच जंतूंचा अंश सन २०१३ मध्यें ओळखण्यांत आला. अलेक्झांड्रियाहून राजधानीस धान्य नेणाऱ्या जहाजांतून उंदीर गेले, उंदरांबरोबर पिसवा गेल्या आणि पिसवांबरोबर मरण गेलें, असें मानतात. ज्या मार्गानें राजधानीस भाकर पोंचत होती, त्याच मार्गानें रोग पोंचला.

प्रोकोपियस हा इतिहासकार त्या वेळीं राजधानींत होता. सांथ चार महिने टिकली, त्यांतील तीन महिने तिचा जोर होता, आणि दिवसास पांच हजार, पुढें दहा हजार व त्याहूनही अधिक माणसें मरत, असें तो लिहितो. इफिससचे योहान्न म्हणतात कीं, प्रेतें मोजण्यासाठीं बंदरांवर व वेशींवर माणसें बसविलीं होतीं. २,३०,००० पर्यंत मोजून त्यांनीं मोजणें सोडून दिलें. दफनभूमि भरली, तेव्हां खाडीपलीकडच्या तटाच्या बुरुजांचीं छपरें काढून आंत प्रेतें टाकण्यांत आलीं. प्रवासांत याच योहान्नांना पिकून उभीं राहिलेलीं शेतें दिसलीं, पण कापावयास कोणी नव्हतें. द्राक्षें वेलींवर सुकत होतीं आणि धन्यावांचून गुरें रानोमाळ फिरत होतीं. खुद्द जस्टिनियनही आजारी पडला, पण वांचला. त्यानें थिओडोर नांवाच्या अधिकाऱ्याकडे पैसा देऊन बेवारस प्रेतांच्या दफनाची व्यवस्था केली, हें त्याच्या बाजूस लिहिलें पाहिजे.

पण पुढें काय झालें? मजूर थोडे उरले, म्हणून कारागीर, खलाशी व शेतमजूर दुप्पट-तिप्पट मजुरी मागूं लागले. सन ५४४ मध्यें जस्टिनियननें कायदा काढला कीं, जुन्या दरांहून अधिक कोणी मागूं नये व कोणी देऊं नये. आणि प्रोकोपियसची तक्रार अशी आहे कीं, बहुतेक शेतकरी मेले असतांही बादशहानें सारा सोडला नाहीं. उलट मेलेल्या शेजाऱ्याचा वांटाही वांचलेल्याकडून घेतला. प्रोकोपियसच्या मनांत बादशहाविषयीं अढी होती, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागतो. पण ५४४ चा कायदा हा बादशहाच्याच लेखणीचा आहे. इजिप्तच्या खेड्यांत चारशें वर्षांपूर्वीं जी कथा घडली, तीच येथें पुन्हां घडली. पुढें सुमारें सन ७५० पर्यंत ही सांथ पुनःपुन्हां येत राहिली. सन ५६८ मध्यें लाँबार्ड लोक इटलींत उतरले आणि सातव्या शतकांत सीरिया व इजिप्त साम्राज्याच्या हातचे गेले.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें आम्हांस अवश्य वाटतें. या सांथींत एकंदर किती माणसें मेलीं यावर विद्वानांत एकमत नाहीं. कोणी म्हणतात एकतृतीयांश, कोणी म्हणतात निम्मीं. तर सन २०१९ मध्यें कांहीं अभ्यासकांनीं असें प्रतिपादन केलें कीं, जस्टिनियनच्या सांथीचा परिणाम आजवर फुगवून सांगण्यांत आला आहे. शिवाय पहिल्या सांथीनंतर पश्चिमेकडील साम्राज्य तीनशें वर्षें टिकलें, आणि जस्टिनियनची राजधानी तर सन १४५३ पर्यंत टिकली. तेव्हां रोगानें रोमास मारलें, असें एका वाक्यांत सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवूं नये. रोगानें परीक्षा घेतली. गुण कोणास किती मिळाले, हें ज्याच्या त्याच्या वागण्यावर ठरलें.

आतां दुसऱ्या रीतीकडे वळूं. कार्थेजमध्यें सांथ भडकली तेव्हां भयानें लोक आपल्या आजारी आप्तांस रस्त्यावर टाकीत होते, असें संत सिप्रियन यांचे चरित्रकार पाँटियस सांगतात. ख्रिस्ती मंडळी त्या वेळीं स्वतःच संकटांत होती. डीसियस बादशहाचा छळ नुकताच, सन २५० मध्यें, होऊन गेला होता. अशा वेळीं बिशपांनीं आपल्या लोकांस एकत्र करून सांगितलें कीं, आपल्याच माणसांवर प्रेम करण्यांत कांहीं विशेष नाहीं. छळ करणाऱ्यांचीही शुश्रूषा केली पाहिजे. मग ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं पैसा दिला आणि ज्यांच्याजवळ नव्हता त्यांनीं आपले हात दिले. सन २५८ च्या सप्टेंबरच्या १४ तारखेस याच सिप्रियनांचा बादशाही हुकुमानें शिरच्छेद झाला. अलेक्झांड्रियांतही आजाऱ्यांची सेवा करतां करतां अनेक धर्मगुरु, सेवक व सामान्य लोक त्याच रोगानें गेले, असें डायोनिसियस लिहितात.

हीं वर्णनें ख्रिस्ती लोकांच्या लेखणींतून उतरलीं आहेत, आणि आपलें आपण कौतुक करणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी करावी, हें योग्यच आहे. पण एक साक्षीदार विरुद्ध पक्षाचा आहे. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे परतलेला बादशहा ज्युलियन याच्या नांवें सन ३६२ च्या सुमारासचें एक पत्र आहे. त्यांत तो आपल्या पुजाऱ्यास बजावतो कीं, हे गालीलकर आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांस पोसतात, ही आम्हांस लाजेची गोष्ट आहे. तरी तूंही धर्मशाळा उघड. पुढें दहा वर्षांच्या आंतच संत बासिल यांनीं सिझेरियाच्या वेशीबाहेर आजारी, निराश्रित व महारोगी यांच्यासाठीं मोठा आश्रम उभारला.

औषध नसतांना शुश्रूषेचा उपयोग तो काय, असें कोणी विचारील. मॅकनील या इतिहासकारानें सन १९७६ मध्यें याचें उत्तर दिलें आहे. तापानें ग्लानी आलेला मनुष्य स्वतः उठून पाणी घेऊं शकत नाहीं. त्याच्या तोंडांत कोणी पाणी घातलें, चार घोट पेज घातली, अंगावर पांघरूण टाकलें, तर पुष्कळ आजारी केवळ तेवढ्यानें वांचतात. म्हणजे जी लोकसंख्या बादशहा कायद्यानें व बेडीनें राखूं पाहत होता, तिचा थोडा तरी अंश पाण्याच्या भांड्यानें राखला गेला. आणि जो असा वांचला, तो आपणांस पाणी पाजणाऱ्यास जन्मभर विसरला नसेल.

शुश्रूषा ही कोणा एका धर्माची मिरास आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. जस्टिनियनच्या राजधानींत शिरलेला तोच रोग सन १८९६ मध्यें मुंबईस आला. मांडवी भागांत तो प्रथम ओळखणारे डॉ. अकॅसिओ गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्याचे सुपुत्र होते. वांद्र्यास आणि मुंबईच्या जुन्या वाड्यांत त्या सांथीच्या वेळीं लोकांनीं उभारलेले क्रूस अद्याप आहेत. पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतां त्याच रोगानें सन १८९७ च्या मार्चच्या १० तारखेस वारल्या. आजार कोणता हें ओळखणारा, प्रार्थनेस उभा राहणारा आणि रोग्यास खांद्यावर घेणारा, अशा तिघांचीही समाजास गरज असते.

बंधुभगिनींनो, रोमच्या कथेंतून आम्ही एवढाच बोध घेतों. कोणत्याही समाजांत माणसें कमी होण्याचे प्रसंग येतात. कधीं रोगानें, कधीं दुष्काळानें, कधीं पोट भरण्यासाठीं तरुण दूरदेशीं गेल्यानें घरें रिकामीं होतात. त्या वेळीं उरलेल्यांकडे कोणत्या दृष्टीनें पाहावयाचें, हा खरा प्रश्न असतो. गेलेल्यांचें काम, वर्गणी, जबाबदारी उरलेल्यांच्या पाठीवर मुकाट्यानें चढवीत गेलें, तर तेही एक दिवस निघून जातात. थ्म्यूइसच्या खेड्यांनीं हें दाखवून दिलें आहे. उरलेल्यांचा भार हलका केला, पडलेल्यास हात दिला, नव्यानें येणाऱ्यास पर्टिनॅक्सप्रमाणें जमीन व मुदत दिली, तर थोडक्या माणसांतूनही गांव पुन्हां उभें राहतें. ज्यांनीं आपल्या धर्मग्रामाचा पाया घातला, तेही संख्येनें थोडेच असतील. पण त्यांनीं एकमेकांचीं ओझीं वाटून घेतलीं, म्हणूनच हा महोत्सव पाहण्याचें भाग्य आपणांस लाभलें.

महोत्सवाच्या दिवसांत दोन्ही वह्या उघडाव्या. बाप्तिस्म्याच्या वहीकडे पाहून परमेश्वराचे आभार मानावे, आणि मृतांच्या वहीकडे पाहून, त्यांच्या शेवटच्या आजारांत त्यांच्या उशाशीं कोण बसलें होतें, हें घरोघरीं विचारावें. त्या बसणाऱ्यांचीं नांवें कोणत्याच वहींत नसतात. तीं मुलांबाळांस सांगून ठेवणें, हें आपल्याच हातीं आहे.